परीटघडीचा खरा हिशोब

नोकरी करणाऱ्या माणसाची पहिली ओळख बहुतेक वेळा त्याच्या शर्टावरून होते. बँक असो, शाळा असो, दवाखाना असो की कारखान्याचे कार्यालय, धुतलेला आणि इस्त्री केलेला शर्ट अंगात असेल तर माणूस टापटीप वाटतो. मराठीत अशा कपड्यांसाठी एक नेमका शब्द आहे, 'परीटघडीचे कपडे'. परिटाने घातलेली घडी आपण सकाळी मोडतो आणि कामाला लागतो. काम कोणी केले त्याचे नाव या शब्दातच आहे. शर्ट अंगात चढला की मात्र ते नाव आपल्या मनातून निघून जाते.

आज एका साध्या प्रश्नाचा विचार करू या. इस्त्रीचे दहा रुपये मी दिले. धुलाईचे वेगळे दिले. उधारी ठेवली नाही. मग त्या माणसाचे माझ्याकडे आणखी काही उरते का? की पैसे दिले तिथेच सगळे संपले?

प्रश्न लहान वाटेल. पण ध्यान, जप, वाचन यांसाठी आपण दिवसातला थोडा वेळ बाजूला काढतो आणि बाकीचे सगळे तास व्यवहारात जातात. आपल्या साधनेची परीक्षा त्या तासांत होत असते. इस्त्रीचा व्यवहार तर बहुतेक घरांत एक दिवसाआड होतो. त्याचे जे उत्तर सापडेल ते दूध देणाऱ्याला, जिना पुसणाऱ्या ताईंना आणि रिक्षा चालवणाऱ्या दादांनाही लागू पडेल.

एका शर्टामागचे काम

मोल ठरवण्याआधी काम माहीत असायला हवे. मुंबईत महालक्ष्मी स्थानकाच्या पुलावर उभे राहिले की खाली धोबीघाट दिसतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बांधलेला हा घाट आजही चालू आहे. काँक्रीटच्या कुंड्यांच्या रांगा, कुंडीजवळ कपडे आपटायचा दगड आणि वर दोऱ्यांवर वाळत घातलेले कपडे असे ते दृश्य असते. आता तिथे मोठी धुलाई यंत्रेही आली आहेत, पण हाताचे काम थांबलेले नाही. रुग्णालयांच्या चादरी, हॉटेलांचे टॉवेल, गणवेश आणि कोणाच्या तरी कामावरचे शर्ट तिथे एकाच वेळी धुतले जातात.

इतक्या कपड्यांतून तुमचा शर्ट तुमच्याच घरी परत येतो, याचे कारण कॉलरच्या आत किंवा शर्टाच्या टोकाला केलेली बारीक खूण. पूर्वी ही खूण बिब्ब्याच्या रसाने करत. बिब्ब्याचा डाग कितीही धुतला तरी जात नाही, म्हणून इंग्रजांनी या फळाला 'खुणेचे फळ' अशा अर्थाचे नाव दिले. हाच रस कातडीवर पडला तर उततो आणि फोड येतात. आपल्या भाषेत 'बिब्बा घालणे' म्हणजे चांगल्या कामात विघ्न आणणे. परिटाने मात्र त्याच बिब्ब्याने पिढ्यान्पिढ्या लोकांचे कपडे हरवू दिले नाहीत.

खूण झाली की मळके कपडे सोडा आणि साबणाच्या पाण्यात भिजतात, जास्त मळलेले भट्टीत वाफवले जातात, मग आपटून, खळबळून, पिळून निघतात. पांढरा सुती शर्ट वापराने पिवळसर होतो. त्याला नीळ देतात, कारण हलकी निळी छटा पिवळेपणा लपवते आणि डोळ्याला कापड शुभ्र दिसते. नीळ थोडी जास्त झाली तर डाग पडतात, कमी झाली तर उपयोग नाही. ज्यांना कडक शर्ट हवा असतो त्यांच्यासाठी खळ करतात. ती दाट झाली की कापड पत्र्यासारखे होते.

मग इस्त्री. सुती धागा सेल्युलोजचा असतो. त्याच्या लांब साखळ्या एकमेकींना धरून राहतात आणि कापड चुरगळले की त्याच वाकड्या जागी घट्ट होतात. पाण्याचा शिडकावा आणि उष्णता मिळाली की ही पकड सैल होते, आणि इस्त्रीच्या दाबाखाली कापड सरळ होऊन वाळले की साखळ्या नव्या, सरळ जागी पुन्हा घट्ट होतात. म्हणून इस्त्रीवाले काका आधी पाणी शिंपडतात. आपल्याला ती सवय वाटते, पण त्यामागे पिढ्यांचे ज्ञान आहे. कॉलर टोकांकडून मध्याकडे दाबायची, नाहीतर टोकावर सुरकुती जमते. मग खांदे, कफ, बाह्या, बटणपट्टी, पाठ आणि शेवटी घडी. सुती कापडाला साधारण २०० अंश सेल्सिअसपर्यंत उष्णता चालते, नायलॉनसारखे धागे ११० अंशांच्या पुढे धोक्यात येतात. शर्टाच्या आतल्या चिठ्ठीवर इस्त्रीच्या चित्रात एक, दोन किंवा तीन ठिपके असतात ते याचसाठी. रस्त्याकडेच्या टेबलावर ही चिठ्ठी कोणी वाचत बसत नाही. हाताला कापड कळते.

हे सगळे उभ्याने चालते. कोळशाची इस्त्री पाच-सहा किलोंची सहज असते. मे महिन्यात बाहेर ऊन, समोर निखारे, नाकात धूर. संध्याकाळी पाठ आणि पोटऱ्या भरून येतात.

वाणिज्याच्या पुस्तकाचे उत्तर

मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी आहे, त्यामुळे माझ्या मनात पहिल्यांदा पुस्तकातलेच उत्तर येते. सेवा मिळाली, रोख दिली, व्यवहार पूर्ण. कोणत्याही बाजूला काही बाकी नाही. दोघेही आपापल्या मर्जीने आले आणि दोघांचाही फायदा झाला. यात भावनेला कशाला ओढायचे?

हे उत्तर कोरडे आहे, पण ते उडवून लावण्यासारखे नाही. त्याची ताकद कळण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. महाराष्ट्राच्या खेड्यांत परीट हा बारा बलुतेदारांपैकी एक होता. वर्षभर गावाचे कपडे धुवायचे आणि सुगीत खळ्यावर धान्याचा वाटा घ्यायचा, अशी ती रीत. त्यात ओळख होती, लग्नाकार्यात मान होता, असे आपण कौतुकाने सांगतो. पण काम निवडायचे, नाकारायचे किंवा दर ठरवायचे स्वातंत्र्य नव्हते. जन्माने जे काम आले तेच मुलानेही करायचे. कपडे शुद्ध करणाऱ्याला मात्र समाजाने खालच्या पायरीवर बसवले.

शेजारच्या तेलंगणात तर याहून कठोर रूप होते. तिथल्या जमीनदारांच्या घरी धोबी समाजाला 'वेट्टी' म्हणजे बिनमोबदल्याची वेठबिगार करावी लागे. त्याच समाजातल्या चाकली ऐलम्मा (१८९५–१९८५) यांनी पालकुर्तीत खंडाने जमीन घेऊन शेती केली, आणि देशमुखाने ती जमीन व पीक बळकावायचा प्रयत्न केला तेव्हा त्या मागे हटल्या नाहीत. तेलंगणाच्या शेतकरी लढ्यात त्यांचे नाव आजही आदराने घेतले जाते. जिथे पैसे दिले जात नव्हते, तिथल्या नात्याला प्रेम म्हणणे किती चुकीचे ठरेल, हे या एका जीवनातून दिसते.

म्हणून दहा रुपयांची ती नोट साधी समजू नये. ती सांगते की तुम्ही माझे नोकर नाही आणि मी तुमचा मालक नाही. तुम्ही दर सांगा, मी देतो. पटले नाही तर तुम्ही दुसरे गिऱ्हाईक बघा, मी दुसरे दुकान. रोख पैशाने माणसाला ही मोकळीक दिली. 'पूर्वी किती आपुलकी होती' असे म्हणत आपण ती मोकळीक हलकी ठरवू नये.

वहीत काय लिहिले जात नाही

मग पैसे दिल्यावर काही उरतच नाही का? इथे मला वाणिज्याच्याच पुस्तकातला दुसरा नियम आठवतो. हिशोबाच्या वहीत फक्त पैशात मोजता येतील त्याच गोष्टी लिहायच्या. कामगारांची निष्ठा, मालकाचा स्वभाव, दुकानाबद्दल लोकांना वाटणारा विश्वास या गोष्टी कितीही मोठ्या असल्या तरी रोजच्या नोंदीत येत नाहीत. शिक्षक हा नियम शिकवताना त्याची मर्यादाही शिकवतात. वहीत नाही याचा अर्थ ते अस्तित्वात नाही असा होत नाही. वही ते मोजत नाही, इतकेच.

शर्टाच्या व्यवहारातही अशा न लिहिलेल्या गोष्टी आहेत. खिशात राहिलेली नोट, पेनड्राइव्ह किंवा रेल्वेचा पास परत येतो, त्याचे पैसे आपण देत नाही. सुटत आलेले बटण त्यांच्या घरातल्या ताई दोन टाके घालून घट्ट करतात, तेही पावतीत नसते. 'उद्या मुलाखत आहे, सकाळी आठपर्यंत हवा' असे रात्री सांगितले तर ते पहाटे उठून इस्त्री तापवतात. आपल्या गरजेचे ओझे ते आपल्या अंगावर घेतात.

लेखांचे अनुवाद करताना एक गोष्ट वारंवार जाणवते. इंग्रजीत ज्या एका शब्दाने काम भागते, त्यासाठी मराठीत दोन शब्द आहेत, 'देणे' आणि 'ऋण'. वाण्याचे देणे असते, बँकेचे देणे असते. आईवडिलांचे, गुरूंचे, समाजाचे मात्र ऋण असते. देणे फिटले की नाते संपले तरी चालते. ऋण मान्य करायचे असते, आणि ते मान्य केल्याने माणसाचे वागणे बदलते. दोन वेगळे शब्द ठेवण्यात आपल्या पूर्वजांचे शहाणपण आहे. इस्त्रीचे दहा रुपये हे देणे होते. ते फिटले. पण ऋण नावाचे खाते त्या दहा रुपयांनी उघडलेही नव्हते आणि बंदही झाले नाही.

श्रेय कोणाच्या खात्यावर?

हे ऋण नेमके कशाचे, तेही पाहिले पाहिजे, नाहीतर शब्द मोठा आणि अर्थ पोकळ असे होईल.

मुलाखतीच्या खोलीत एक मुलगा बसला आहे. पांढरा शर्ट, कॉलर ताठ, बाहीवर एक सरळ रेघ. समोरचे मनात म्हणतात, 'मुलगा व्यवस्थित आहे.' या वाक्याकडे नीट पाहा. कॉलर परिटाने ताठ केली, रेघ परिटाने पाडली, आणि 'व्यवस्थित' हा गुण त्या मुलाच्या नावावर जमा झाला. मुलाने फसवणूक केलेली नाही. जगाची रीतच अशी आहे की कपडा ज्याच्या अंगावर, गुण त्याचा. पण एकाच्या कामाचे श्रेय दुसऱ्याच्या खात्यावर पडले, ही नोंद चुकलेली आहे, हे कोणताही हिशोबनीस सांगेल.

अशा चुकलेल्या नोंदी रोज होतात. डबा कोणी केला आणि तब्येतीचे कौतुक कोणाचे झाले? कार्यालय कोणी झाडले आणि 'आमचे कार्यालय किती स्वच्छ' असे कोण म्हणाले? एकेक नोंद क्षुल्लक असते. पण वर्षानुवर्षे त्या दुरुस्त झाल्या नाहीत की आपल्याला खरेच वाटू लागते की हे सगळे माझे आहे, मी स्वतःच्या बळावर उभा आहे. अहंकार बहुतेक वेळा असाच वाढतो, दुसऱ्यांच्या खात्यातल्या रकमा आपल्या खात्यात पडत राहिल्याने. भगवद्गीतेच्या तिसऱ्या अध्यायात, मिळालेले परत न देता भोगणाऱ्याला चोर म्हटले आहे. तो शब्द कडक वाटतो, पण हिशोबाच्या नजरेने पाहिले तर तो अगदी बरोबर आहे.

म्हणून कृतज्ञता म्हणजे मोठ्या मनाने केलेली मेहेरबानी नव्हे. ती दुरुस्तीची नोंद आहे. जे ज्याचे आहे ते त्याच्या नावावर लिहायचे. 'शर्ट छान दिसतोय' असे कोणी म्हटले तर 'आमच्या कोपऱ्यावरच्या काकांची इस्त्री आहे' असे म्हणायला काही खर्च येत नाही, आणि ते खरेही असते. कृतज्ञ माणूस नम्र होतो असे आपण म्हणतो. माझ्या मते तो फक्त खरे बोलू लागतो, आणि नम्रता त्यातून आपोआप येते.

स्वच्छ कोण, मळके कोण?

आणखी एक नोंद आपल्या समाजाने शतकानुशतके उलटी लिहिली. जो मळ काढतो तो मळका आणि जो मळवतो तो स्वच्छ, असे मानले गेले. या उलट्या नोंदीला उत्तर देणारी माणसे त्याच समाजातून आली, ही विचार करण्यासारखी गोष्ट आहे.

बाराव्या शतकात कल्याणमध्ये, म्हणजे आजच्या बीदर जिल्ह्यातील बसवकल्याणमध्ये, महात्मा बसवेश्वरांच्या भोवती जमलेल्या शरणांमध्ये मडिवाळ माचिदेव होते. कन्नडमध्ये मडिवाळ म्हणजे परीट. ते शरणांचे कपडे धूत आणि वचनेही रचत. परंपरा सांगते की जो स्वतःच्या कष्टाची भाकर खातो त्याचेच कपडे ते धूत. श्रम करून जगणे, ज्याला ते 'कायक' म्हणत, हीच त्यांची कसोटी होती. ज्याला गाव खालचा मानत होते, तोच इतरांचे कपडे धुवायला घ्यायचे की नाही हे ठरवत होता.

आपल्याकडे संत गाडगेबाबा (१८७६–१९५६) परीट समाजात जन्मले. अंगावर चिंध्यांचा पोशाख, हातात खराटा. गावात शिरले की आधी रस्ता झाडायचा आणि रात्री कीर्तनात लोकांची मने झाडायची, हा त्यांचा क्रम सगळ्यांना माहीत आहे. कोणी पाया पडायला आले तर ते पडू देत नसत. लोकांनी दिलेल्या पैशांतून त्यांनी धर्मशाळा बांधल्या आणि स्वतः झोपडीत राहिले. ज्या घरात इतरांचे कपडे परीटघडीचे करण्याचा व्यवसाय होता, त्या घरातल्या माणसाने स्वतः आयुष्यभर ठिगळे मिरवली. स्वच्छता कपड्याच्या घडीत नाही, ती माणसाच्या करणीत आहे, हे त्यांच्याकडे पाहूनच कळत होते.

कृतज्ञतेची पळवाट

इथे एक सावधगिरी हवी. कृतज्ञतेबद्दल बोलणे सोपे असते आणि कधीकधी सोयीचेही. 'तुम्ही तर आमच्या घरचेच' असे म्हणून दर वाढवायला नकार देणारी माणसे आपण पाहिली आहेत. दिवाळीला मिठाईचा पुडा द्यायचा आणि वर्षभर प्रत्येक कपड्यामागे रुपया-दोन रुपये तोडायचे, हा हिशोब जुळत नाही. सेवाभाव, त्याग, समाधान हे शब्द आपण आपल्यासाठी वापरावेत. दुसऱ्याला कमी पैसे देताना हेच शब्द तोंडात आले तर तिथे थांबून पाहावे.

म्हणजे क्रम असा आहे. आधी देणे, पूर्ण आणि वेळेवर. नंतर ऋण. देणे न देता ऋण मानणे ढोंग ठरते, आणि देणे देऊन ऋण नाकारणे अर्धे सत्य ठरते.

शर्ट जळतो तेव्हा

कोणत्याही विचाराची खरी परीक्षा नुकसान झाले की होते. आमच्या सोसायटीत एकदा एका गृहस्थांच्या नव्या शर्टावर इस्त्रीचा डाग पडला. शर्ट दीड हजारांचा. गृहस्थ म्हणाले, पूर्ण किंमत भरून द्या. इस्त्रीवाल्या काकांचा चेहरा पडला. ते म्हणाले, 'पैसे नाहीत, सहा महिने फुकट इस्त्री करून देतो.' बघणाऱ्यांचे दोन गट पडले. काहींच्या मते चूक त्यांची, मग भरपाईही त्यांची. काहींच्या मते गरीब माणूस आहे, सोडून द्यावे.

हिशोब मांडून पाहू. दहा रुपये दराने दीड हजार म्हणजे दीडशे शर्टांची कमाई, आणि त्यातून कोळसा किंवा वीज, जागेचे भाडे हे वजा व्हायचे. दहा रुपयांच्या कामात त्यांनी दीड हजारांची जोखीम घेतली होती, आणि ती घेताना त्यांना कोणी विचारलेही नव्हते. कापड कशाचे आहे हे सांगायची जबाबदारी गिऱ्हाइकाचीही होती. म्हणून पूर्ण भरपाई मागणे मला न्यायाला धरून वाटत नाही.

पण 'जाऊ दे, गरीब आहे' हेही मला पटत नाही. त्यात दया आहे, आदर नाही. कारागिराला आपल्या कामाची लाज आणि अभिमान दोन्ही असतात. चूक भरून काढायची त्याची इच्छा आपण हात झटकून नाकारली, तर आपण त्याला समोरासमोर बसून बोलण्याच्या योग्यतेचाच मानत नाही, असे होते. म्हणून तिसरा मार्ग बरा वाटतो. त्यांनाच विचारावे, 'काका, यात काय करणे योग्य होईल?' आणि ते जे सांगतील त्याचा अर्धा भार आपण उचलावा. त्या दिवशी सोसायटीतल्या एका आजींनी हेच सुचवले. दोघांनी मिळून ठरवले की महिनाभर त्या घरच्या कपड्यांचे पैसे घ्यायचे नाहीत, आणि पुढे नाजूक कपडे वेगळ्या पिशवीतून, सांगून द्यायचे. शर्ट गेला तो गेलाच. पण काका दुसऱ्या दिवशी मान वर करून कामाला उभे राहिले, आणि ते गृहस्थ आजही त्यांच्याकडेच कपडे देतात.

पाहणे ही पहिली पायरी

ऋण मान्य करायचे तर आधी माणूस दिसला पाहिजे. तमिळनाडूतल्या तिरुवण्णामलै गावात विनिशा उमाशंकर नावाच्या शाळकरी मुलीला रस्त्यावर इस्त्री करणारा माणूस जळून गेलेला कोळसा टाकताना दिसला. तसे दृश्य आपण सगळ्यांनी पाहिले आहे. तिने पुढचा विचार केला. हा धूर रोज कोणाच्या छातीत जातो, आणि देशभर अशा किती गाड्या असतील? त्यातून तिने सौरऊर्जेवर चालणाऱ्या इस्त्रीच्या गाडीची रचना केली. गाडीच्या छतावर सौरपट्ट्या, खाली बॅटरी, आणि त्यावर चालणारी विजेची इस्त्री. त्यासाठी २०२० मध्ये तिला स्वीडनमधला मुलांसाठीचा हवामान पुरस्कार मिळाला आणि २०२१ मध्ये ग्लासगोच्या जागतिक हवामान परिषदेत ती बोलली.

सगळ्यांना गाडी बनवता येणार नाही. पण तिच्या कामाची सुरुवात ज्या क्षणाने झाली तो क्षण सगळ्यांच्या वाट्याला येतो. आपण पिशवी ठेवतो, 'संध्याकाळी घेतो' म्हणतो आणि निघतो. त्या अर्ध्या मिनिटात समोर एक माणूस असतो.

आपण काय करू शकतो

मोठे संकल्प टिकत नाहीत, म्हणून लहान गोष्टी सुचवतो. यातली एक जरी पंधरा दिवस पाळली तरी फरक जाणवेल.

कपडे घेताना त्याच वेळी पैसे द्यावेत. आपल्यासाठी ती महिन्याअखेरची किरकोळ रक्कम असते, त्यांच्यासाठी ती आजची भाजी असते. कोळसा, वीज, साबण महागले की दर वाढणारच. वाढलेला दर कुरकुर न करता मान्य करावा, जसा आपण मोठ्या दुकानात छापील दर मान्य करतो.

कपडे देण्यापूर्वी खिसे पाहावेत आणि नाजूक कापड असेल तर तसे सांगावे. रात्री उशिरा देऊन सकाळी लवकर मागण्याची वेळ शक्यतो येऊ देऊ नये, आणि आलीच तर आधी 'जमेल का?' असे विचारावे. विचारल्याने नाही म्हणायची मोकळीक राहते.

'ए इस्त्री' अशी हाक मारणे सोडावे. काका, दादा, ताई यांपैकी जे वयाला शोभेल ते म्हणावे आणि नाव विचारून घ्यावे. उन्हाळ्यात गार पाण्याचा तांब्या पुढे करावा. त्यांच्या मुलांच्या शाळेची चौकशी करावी, पण मुलाने पुढे हेच काम करावे असे गृहीत धरू नये.

आणि सकाळी शर्टाची घडी मोडताना दोन क्षण थांबावे. कॉलरच्या आत ती बारीक खूण असेल तर तिच्याकडे पाहावे. हा शर्ट शेकडो कपड्यांतून माझ्याकडे बरोबर पोहोचला, तो ज्यांच्या हातांनी पोहोचला त्यांना मनातल्या मनात नमस्कार करावा आणि मग दिवसाला सुरुवात करावी. दिवसभरात कोणी आपले कौतुक केलेच, तर त्यातला किती वाटा आपला आणि किती दुसऱ्यांचा, हे रात्री झोपण्यापूर्वी एकदा प्रामाणिकपणे मांडून पाहावे. हा हिशोब कोणी तपासायला येणार नाही, म्हणून तो आपणच नीट ठेवला पाहिजे.